डेथ व्हॅलीतला गोल्डन कॅन्यन आणि गोवर गल्च: घरच्या सगळ्यांना घेऊन एका दिवसात कसं करायचं, सविस्तर

लास वेगासला फिरायला आलेली बरीच मराठी मंडळी एक दिवस डेथ व्हॅलीसाठी, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी नॅशनल पार्कसाठी ठेवतात आणि तो सगळा दिवस गाडीत जातो, एक पॉइंट, उतरा, फोटो, परत गाडीत, पुढचा पॉइंट. संध्याकाळी विचारलं काय बघितलं तर पोरांना फक्त मिठाचं मैदान आठवतं. माझं स्पष्ट मत आहे की सात-आठ ठिकाणं पळत बघण्यापेक्षा इथली एक घळ नीट चालावी. त्यासाठी फॅमिलीला सगळ्यात योग्य म्हणजे गोल्डन कॅन्यनमधून वर जायचं आणि गोवर गल्चमधून खाली यायचं, हा ४.३ मैलांचा म्हणजे साधारण ७ किलोमीटरचा लूप, म्हणजे फिरून परत तिथेच आणणारी वाट (कॅन्यन आणि गल्च या दोन्ही घळीच). रंग, दगड, अरुंद वाटा हे सगळं त्यात आहेच पण शिवाय या खोऱ्यात माणसं कशासाठी येऊन राहिली, ती बोरॅक्सच्या खाणींची गोष्ट याच वाटेवर डोळ्यांनी बघता येते. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, जो सोनार डाग देताना वापरतात, आणि त्याच्यापासूनच बनते ती बोरिक पावडर जी आपण लहानपणी कॅरमबोर्डवर शिंपडायचो. पोरांना आणि आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, चालताना मग सगळ्यांचंच लक्ष राहतं.

आधी महिना ठरवा, बाकी सगळं नंतर

ही हाईक नोव्हेंबर ते मार्चची आहे, एवढं पक्कं डोक्यात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दुपारचं तापमान साधारण १८-१९ अंश सेल्सिअस असतं, पहाटे ४-५ पर्यंत उतरतं, म्हणजे चालायला मस्त. जुलैमध्ये दुपारचं सरासरी तापमान ४७ च्या आसपास असतं, आणि १० जुलै १९१३ ला याच खोऱ्यातल्या फर्नेस क्रीक या वस्तीवर ५६.७ अंशांची नोंद झाली ती जगातली आजवरची अधिकृत सर्वोच्च नोंद मानतात. उन्हाळ्यात पार्कवालेच सांगतात की सखल भागात सकाळी १० नंतर चालू नका. "आपल्याला काय, आपण नागपूरचे" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे समजवा की इथली हवा इतकी कोरडी आहे की घाम आलेला कळतच नाही, अंगावर येतो तसा उडून जातो आणि पाणी कमी पडतंय हे चक्कर यायला लागल्यावर समजतं. कॅन्यनच्या भिंती दोन्ही बाजूंनी तापतात आणि वारा अडतो त्यामुळे आत अजूनच गरम होतं. आणि खूप गरम हवेत रेस्क्यूचं हेलिकॉप्टरसुद्धा उडवता येत नाही, म्हणजे मदत येईल याच्या भरवशावर राहता येत नाही.

मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या हिशोबाने थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस किंवा फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड बहुतेकांना जमतो. तेव्हा गर्दी असते, पार्किंग लवकर भरतं, म्हणून सकाळी लवकर पोचा. आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असतील आणि त्यांना पण न्यायचं असेल तर त्यांचं येणं हिवाळा धरून ठरलेलं असेल तरच हा प्लॅन करा, मे ते सप्टेंबर अजिबात नको.

दुसरी गोष्ट पाऊस. वर्षाला जेमतेम ५० मिलिमीटर पडतो पण पडतो तेव्हा जमीन तो पितच नाही, सगळं पाणी एकदम घळींमधून खाली येतं. ऑगस्ट २०२२ आणि ऑगस्ट २०२३ ला असाच पाऊस झाला, रस्ते वाहून गेले, दुसऱ्या वेळी तर पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होता. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साईटवर डेथ व्हॅलीच्या पानावर काय बंद आहे, काय चालू आहे ते बघायचं आणि हवामानात पावसाची शक्यता दिसली तर कॅन्यन रद्द. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली येऊन पोचतो.

गाडी, पेट्रोल, पाणी, डबा

वेगासहून पाहरंप गावावरून डेथ व्हॅली जंक्शन आणि तिथून १९० नंबरचा हायवे, हा सोपा रस्ता, दोन तासांच्या आसपास लागतात. लॉस एंजेलिसहून पाच तास धरा, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणं मुलांसोबत जड होतं, त्यांनी आदल्या रात्री पाहरंपला किंवा फर्नेस क्रीकला राहावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियावाल्यांनी तर लाँग वीकेंडच काढावा.

पाहरंपला तीन कामं करायची: टाकी फुल्ल, सगळ्यांनी टॉयलेट, आणि पाण्याचे मोठे कॅन. पार्कच्या आत पेट्रोल मिळतं पण चांगलंच महाग. फोनला नेटवर्क पाहरंपच्या पुढे जाईल तसं कमी होतं, फर्नेस क्रीकजवळ थोडं असतं, ट्रेलवर धरूच नका, म्हणून मॅप ऑफलाईन डाउनलोड करून ठेवायचा. आणि जीपीएसने "इकडून शॉर्टकट" म्हणून कच्च्या रस्त्यावर वळायला सांगितलं तर वळायचं नाही, डांबरी हायवे सोडायचा नाही, या खोऱ्यात लोक अशाच रस्त्यांवर अडकलेत.

पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन म्हणजे जवळपास चार लिटर. त्यातलं प्रत्यक्ष ट्रेलवर मोठ्यांनी दोन-दोन लिटर पाठीवर घ्यायचं, मुलांनी त्यांच्या बॅगेत एकेक, बाकी गाडीत. ट्रेलच्या सुरुवातीला टॉयलेट आहे पण प्यायचं पाणी नाहीये. नुसतं पाणी पोटात ढवळतं म्हणून एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस ठेवा. खायला ब्रेड-बटर नेण्यापेक्षा तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे पराठे आणि लोणचं हे दिवसभर टिकतं. शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू पोरांच्या खिशात, संत्री भरपूर. जानेवारीत गेलात तर संक्रांतीच्या गूळपोळ्या नेऊन बघा, थंड हवेत चालून आल्यावर गूळपोळी काय लागते! संत्र्याची सालंसुद्धा परत आणायची बरं का, त्या कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, नुसती पडून राहतात.

बूट साधे ग्रिप असलेले चालतील, चपला-सँडल नको कारण गोवर गल्चमध्ये सैल खडी आहे. सकाळी स्वेटर, दहा वाजता काढून कमरेला बांधायचा. टोपी, सनस्क्रीन, ओठांना तूप किंवा लिप बाम. वृद्ध असतील तर एक-दोन वॉकिंग पोल.

पार्कची एन्ट्री गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालते, आणि पैसे कार्डानेच घेतात, कॅश घेत नाहीत. गेटवर अडवणारं कोणी नसतं म्हणून तसंच पुढे जायचं असं करू नका, मशीनवर किंवा फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला भरून पावती गाडीत समोर ठेवा. कुत्रा ट्रेलवर चालत नाही आणि ड्रोन पार्कमध्ये कुठेच चालत नाही.

सकाळी पहिला स्टॉप झब्रिस्की पॉइंट

वेगासहून येताना फर्नेस क्रीकच्या आधी हा लागतोच. पार्किंगपासून थोडा चढाचा पण पक्का रस्ता आहे, आजी-आजोबा थांबत थांबत जातात. सूर्योदय गाठायचा असेल तर वेगासहून पहाटे साडेचारच्या सुमाराला निघावं लागेल, छोटी मुलं असतील तर माझा सल्ला आहे की तो हट्ट सोडा, सहाला निघा, आठला इथे पोचा.

इथे थांबायचं कारण नुसता फोटो नाही, इथून तुमची आख्खी हाईक समोर मांडलेली दिसते. समोर उजवीकडे जो टोकदार पिवळा सुळका आहे तो मॅन्ली बीकन, त्याच्या पलीकडे गोल्डन कॅन्यन. खाली डावीकडे पिवळ्या टेकड्यांमधून जो पांढुरका-करडा पट्टा वळत जातो ते गोवर गल्च. पोरांना इथेच बोट दाखवून सांगा की दोनेक तासांनी आपण त्या सुळक्याच्या खांद्यावर असू. हे जे सगळे मातीचे वळ्यावळ्यांचे डोंगर दिसतात तो एका जुन्या तळ्याचा गाळ आहे, लाखो वर्षं साठलेला, आणि आजूबाजूच्या ज्वालामुखींची राख आणि गरम झरे यांच्यातून जे क्षार त्या तळ्यात आले त्यातच बोरॅक्स होता. पुढे जमीन कलली, तळं आटलं, पाण्याने गाळ कापून काढला.

पॉइंटला नाव पडलंय ते ख्रिश्चन झब्रिस्की यांच्यावरून, पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीचे ते मोठे अधिकारी होते. गोवर गल्चचं नाव हॅरी गोवर यांचं, ते पण त्याच कंपनीचे. म्हणजे नकाशावरसुद्धा खाण कंपनी अजून आहे.

एक युक्ती इथे सांगतो. घरात एखादा चालणार नसेल पण गाडी चालवू शकत असेल तर चालणाऱ्यांनी झब्रिस्कीलाच उतरायचं आणि गोवर गल्चने खाली गोल्डन कॅन्यनच्या पार्किंगला यायचं, तीन मैलांच्या आसपास आणि जवळजवळ सगळा उतार. गाडी तिकडे येऊन थांबते. गुडघ्यांना चढ झेपत नाही पण चालायची हौस आहे अशा मावशी-आत्यांसाठी हा उत्तम पर्याय. यात गोल्डन कॅन्यन राहतो, पण तो ते खालून मैलभर वेगळा करू शकतात.

गोल्डन कॅन्यनमधून वर

झब्रिस्कीहून खाली उतरून फर्नेस क्रीकच्या जरा आधी बॅडवॉटर रोडला डावीकडे वळायचं, दोन मैलांवर डाव्या हाताला पार्किंग. तुम्ही इथे समुद्रसपाटीच्या खाली उभे असता, आणि पहिल्या मैलातच चालत चालत समुद्रसपाटी ओलांडता, मुलांना ही गोष्ट फार आवडते.

लूप कुठल्या बाजूने करायचा यावर लोक वेगवेगळं सांगतात. मी म्हणेन फॅमिलीने गोल्डन कॅन्यननेच वर जायचं. कारण साधं आहे, पहिला मैल सोपा, रस्ता चुकायला जागा नाही, आणि कोणी दमलं तर वाटेत मागे फिरता येतं. उलटं केलंत तर सुरुवातीलाच गोवरची खडी आणि खुणा शोधणं, त्यात पोरं कंटाळतात.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना पिवळ्या भिंती, पायाखाली खडी आणि मधूनच डांबराचे तुकडे दिसतील. हो, डांबर. या कॅन्यनमधून पूर्वी चक्क गाडीरस्ता होता, लोक गाडीत बसून आत जायचे, १९७६ च्या पुरात तो वाहून गेला आणि परत बांधला नाही. कडेला उरलेला रस्त्याचा तुकडा आता हवेत लटकल्यासारखा दिसतो, म्हणजे पाण्याने खालची जमीन किती खरवडून नेली ते कळतं. मगाशी पावसाबद्दल जे लिहिलं ते आईबाबांना पटत नसेल तर इथे दाखवा.

भिंतींकडे नीट बघत चला. एका ठिकाणी दगडाच्या तिरप्या पाटीवर लाटांच्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतात, त्या जुन्या तळ्याच्या काठच्या. बाजूच्या छोट्या घळींमध्ये शिरून बघायला मुलांना सोडा पण हाकेच्या अंतरात, आणि भिंतीवर चढू देऊ नका, ही माती वरून घट्ट दिसते आणि हात लावला की सुटते.

साधारण मैलभरावर जुन्या रस्त्याचा शेवट येतो. इथे बसा, चिक्की खा, आणि इथेच निर्णय घ्या. पाच-सहा वर्षांची मुलं, नुकतंच ऑपरेशन झालेलं कोणी, दमलेलं कोणी असेल तर त्यांनी इथून मागे फिरावं, दोन मैलांची छान चाल झाली. घरच्यांपैकी एक मोठं माणूस त्यांच्यासोबत जायलाच हवं, म्हातारं माणूस किंवा मूल एकटं पाठवायचं नाही, आणि गाडीची एक किल्ली त्यांच्याकडे द्यायची, हे सकाळीच ठरवून ठेवा कारण इथे फोन लागत नाही.

इथून सरळ अजून अर्ध्या मैलावर रेड कॅथीड्रल, लोखंडाच्या गंजाने लाल झालेला उभा कडा. शेवटी थोडं दगडांवरून चढायचं, एका ठिकाणी वाकून जायचं असतं. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. लूप आणि हे दोन्ही केलंत तर एकूण सव्वापाच मैलांपर्यंत जातं, ज्यांना लूप झेपणार नाही त्यांनी रेड कॅथीड्रल करून परतावं, तो तीन मैलांचा पूर्ण आणि सुंदर हाईक आहे.

मॅन्ली बीकनचा खांदा

लूपवाले जुन्या रस्त्याच्या शेवटाच्या त्या फाट्यावरून उजवीकडे वर निघतात. आता खरा चढ. वाट मातीची, बारीक खडीची, आणि बीकनच्या कुशीतून जाते तेव्हा एका बाजूला उतार सरळ खाली आहे. इथे मुलांचा हात धरायचा, पुढे एक मोठा मागे एक मोठा, आणि सेल्फी थांबून काढायची, चालता चालता नाही. वारा जोरात असेल किंवा कोणाला उंचीची भीती असेल तर इथून मागे फिरण्यात काही कमीपणा नाही.

थोडा वेळ बसून मॅन्लींची गोष्ट सांगा, ही जागा त्यासाठीच आहे. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी निघालेला एक तांडा जवळचा रस्ता शोधत या खोऱ्यात येऊन अडकला, त्यात लहान मुलं असलेली कुटुंबं होती. बैल मरायला लागले, खाणं संपत आलं. विल्यम मॅन्ली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण पायी डोंगर ओलांडून मदत आणायला गेले आणि जवळपास महिन्याभराने, स्वतः सुटलेले असताना, परत आले आणि त्या कुटुंबांना बाहेर घेऊन गेले. ते परतलेच नसते तरी त्यांना कोणी जाब विचारणार नव्हतं. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

आणि हेही सांगा की हे खोरं तेव्हा रिकामं नव्हतं. टिम्बिशा शोशोनी लोक इथे आधीपासून राहत होते, उन्हाळ्यात वर डोंगरात जायचे, हिवाळ्यात खाली यायचे, पाणी कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. फर्नेस क्रीकला त्यांचं गाव आजही आहे, २००० साली कायदा होऊन त्यांच्या जमिनीचा काही भाग त्यांना परत मिळाला. ते लोकांचं घर आहे, तिकडे गाडी घालून फोटो काढत फिरू नका.

बीकनच्या पलीकडे उतरलात की बॅडलँड्स, सगळीकडे सारख्याच पिवळ्या टेकड्या, आणि लोकांनी चालून पाडलेल्या खोट्या वाटा भरपूर. प्रत्येक फाट्यावर बाणाची पाटी दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, पाटी शोधायचं काम मुलांना द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते. एक फाटा झब्रिस्कीकडे वर जातो, आपण गोवर गल्चच्या बाणाने खाली.

गोवर गल्च, इथे खाणी आहेत

हा भाग घाईने उरकू नका, लोक इथे दमलेले असतात आणि खाली बघत झपाझप निघतात. पात्र रुंद होतं, उन्हात पांढऱ्या रेघा चमकायला लागतात, भिंतीत आणि जमिनीवर, ते क्षार, त्यात बोरेट म्हणजे बोरॅक्सच्या जातीची खनिजंही आहेत. थोडं पुढे टेकड्यांच्या पोटात काळी चौकोनी भोकं दिसतील. ती खाणीची तोंडं. माणसांनी हाताने खणत आत जाऊन बोरेटचा थर कुठवर आहे ते शोधलं त्याच्या या खुणा.

बाहेरूनच बघायचं. आत शिरायचं नाही, डोकवायचं नाही, टॉर्च मारायला तोंडापाशी सुद्धा जायचं नाही. माती ठिसूळ आहे, छत कधी सुटेल सांगता येत नाही, आत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि त्याचा वास येत नाही, माणूस दोन पावलं जाऊन कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. सावलीला साप असतात, वटवाघळं असतात. दहावी-बारावीतली मुलं मोठ्यांची नजर चुकवून नेमकी हेच करतात, त्यांच्याशी सकाळीच सरळ बोला. आणि चमकणारा पांढरा खडा खिशात घालायचा नाही, पार्कमधून दगड उचलणं बेकायदा आहे, फोटो काढा.

पायाखाली बघा, पिवळ्या टेकड्यांच्या मधे करड्या-काळ्या रंगाचे गोटे पसरलेले दिसतील, ते या टेकड्यांचे नाहीतच. १९४१ मध्ये फर्नेस क्रीकची वस्ती पुरापासून वाचवायला वरच्या मोठ्या ओढ्याचं पाणी फोडून या गोवर गल्चमध्ये वळवलं. लहानशा घळीत एकदम मोठ्या ओढ्याचं पाणी आलं, त्याने पात्र खोल आणि रुंद करत नेलं आणि लांबचे दगड इथे आणून टाकले, अजून ते काम चालूच आहे. मोठी मुलं भूगोल शिकत असतील तर त्यांना इथे दहा मिनिटं द्या, माणसाने नदी वळवली की काय होतं हे इतकं उघडं बघायला मिळणं दुर्मिळ आहे.

शेवटाकडे घळ अरुंद होते, भिंती कडक खडकाच्या होतात आणि अचानक पुढे जमीन संपते, ३० फुटांच्या आसपास सरळ खाली कडा आहे, पुराचं पाणी तिथून कोसळतं. मुलांना याच्या आधीच थांबवून जवळ घ्या. वाट कड्याच्या अलीकडून उजवीकडे डोंगराच्या कुशीतून निघते, अरुंद आहे पण स्पष्ट, आणि मग टेकड्यांच्या पायथ्याने उत्तरेकडे पार्किंगला पोचते. हा शेवटचा पट्टा उघड्यावर आहे, सावली शून्य, त्यामुळे सरबताची बाटली इथपर्यंत राखून ठेवा.

सगळा लूप मुलं, थांबणं, खाणं धरून साडेतीन-चार तास. नऊला सुरू केलंत तर एकपर्यंत गाडीशी.

डबा खाऊन हार्मनी बोरॅक्स वर्क्स

फर्नेस क्रीकला व्हिजिटर सेंटर आहे, पाणी भरून घ्या, सावलीत डबा उघडा. मग तिथून उत्तरेला मैल-दीड मैलावर हार्मनी बोरॅक्स वर्क्स. पाव मैलापेक्षा थोडी जास्त पक्की गोल वाट, व्हीलचेअरसुद्धा जाते, त्यामुळे सकाळी गाडीत थांबलेल्या आजी-आजोबांचा हा हक्काचा भाग. कॅन्यन आधी आणि हे नंतर असाच क्रम ठेवा, कारण आधी खनिज कुठल्या मातीत असतं ते बघितलंत, आता त्याचं पुढे काय करायचे ते बघायचं.

१८८१ मध्ये आरन आणि रोझी विंटर्स या जोडप्याला खोऱ्याच्या तळाशी पांढरे कापसासारखे गोळे सापडले. बोरॅक्स ओळखायची परीक्षा म्हणजे त्यावर अल्कोहोल आणि गंधकाचं आम्ल टाकून पेटवायचं, ज्योत हिरवी आली तर बोरॅक्स. ज्योत हिरवी आली. विल्यम कोलमन यांनी तो हक्क २०,००० डॉलरला विकत घेतला आणि १८८३ ते १८८८ इथे कारखाना चालला. साधारण ४० माणसं, बरेचसे चिनी मजूर, मिठाच्या मैदानावर वाकून ते गोळे खरवडून गोळा करायचे, मग ते पाण्यात सोड्यासोबत उकळायचे, गाळ खाली बसला की वरचं पाणी टाक्यांमध्ये सोडून गार होऊ द्यायचे की बोरॅक्सचे खडे धरायचे. दिवसाला तीन टन. उन्हाळ्यात पाणी गारच व्हायचं नाही त्यामुळे काम बंद. मोडकी टाकी, बॉयलर, मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत. पोरांना त्या मैदानाकडे तोंड करून उभं करा आणि चिनी मजुरांबद्दल आवर्जून सांगा, बाकी कित्येकांची नावं इथे डोंगरांना, पॉइंटना दिलेली सापडतात, ते मात्र हे सगळं ओझं पाठीवर वाहून निघून गेले.

शेजारी ते प्रचंड लाकडी गाडे. मागचं चाक सात फूट उंच, आपल्या उंच माणसापेक्षाही वर. दोन गाडे आणि मागे १,२०० गॅलन पाण्याची टाकी, भरून एकूण ३६ टनांच्या वर वजन, आणि ओढायला १८ खेचरं आणि दोन घोडे. १६५ मैलांवर मोहावीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत दहा दिवस. सगळ्या जनावरांना एका लांब दोरीने चालवायचे, आणि वळणावर मधल्या खेचरांना साखळीवरून पलीकडे उडी मारून तिरकं चालायला शिकवलेलं असायचं, नाहीतर एवढी लांब रांग वळणार कशी! हे तिथे जमिनीवर काडीने रेघ मारून समजवा, मुलांना एकदम पटतं.

कोलमन यांचं दिवाळं निघालं, धंदा फ्रान्सिस स्मिथ यांच्याकडे गेला, पुढे रेल्वे आली, मग कंपनीनेच पर्यटकांसाठी हॉटेल काढलं, १९३३ ला हे खोरं राष्ट्रीय स्मारक झालं आणि १९९४ ला नॅशनल पार्क. पार्कमधली शेवटची खाण मात्र २००५ पर्यंत चालू होती. लॉस एंजेलिसकडे परतणाऱ्यांनी ५८ नंबरचा हायवे घेतला तर बोरॉन गाव लागतं, तिथली बोरॅक्सची प्रचंड उघडी खाण आजही चालते.

परत निघताना

इथून तीन-साडेतीनला निघा. डिसेंबरमध्ये पाचच्या आत अंधार पडायला लागतो, आणि पाहरंपपर्यंतचा रस्ता दोन पदरी, दिवे नसलेला, मधेच कोयोटे (कोल्ह्यासारखे प्राणी) आडवे येतात, दिवसभर चालून आलेल्या माणसाला तो अंधारात चालवायला जड जातो. बॅडवॉटरचा, म्हणजे त्या प्रसिद्ध मिठाच्या मैदानाचा मोह होईल, फर्नेस क्रीकपासून १७ मैल दक्षिणेला आहे, जाऊन येऊन थांबून दीड तास जातो, चालवणारे दोघं असाल तरच जा. निघायच्या आधी पेट्रोलचा काटा बघा, सगळ्यांना एकदा परत पाणी प्यायला लावा, आजोबांना विशेष करून, कारण प्रवासात टॉयलेट लागेल म्हणून ते दुपारपासून पाणी टाळत असतात, आणि पाहरंपला चहासाठी नक्की थांबणार आहोत हे त्यांना आत्ताच सांगून टाका.